बसची तूट आणि विजेचं बिल

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टची वीज घेणाऱ्या ग्राहकांच्या बिलात काही वर्षं एक असा आकार असे, ज्याचा विजेशी काहीच संबंध नव्हता. त्याला टीडीएलआर म्हणत. सोप्या मराठीत सांगायचं तर बसचा तोटा विजेच्या युनिटावर लावून वसूल केला जात होता. हॉटेलचालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि पुढे तो आकार बिलातून गेलाही. आकार गेला म्हणून प्रश्न सुटला नाही. एकच कंपनी किंवा एकच उद्योगसमूह वीज, वाहतूक, गॅस, पाणी यांतल्या दोन-तीन सेवा देत असेल, तर एका सेवेच्या ग्राहकाच्या खिशातून दुसऱ्या सेवेचं भोक बुजवलं जात नाही ना, हे बघायचं कोणी? बेस्टच्या वेळी निदान मालक महापालिका होती. आता हाच प्रश्न खासगी समूहांबाबत विचारायची वेळ आली आहे. त्याविषयी हे काही मुद्दे.

१. एका कंपनीने अनेक सेवा देण्यात मुळात काही गैर नाही.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. ती विजेवर चालवायची तर वीज हवी, आणि वीज तयार केलीच आहे तर ती घरांना-दुकानांनाही विकता येईल, या सरळ हिशेबातून १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजेच बेस्ट, आली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, १५ जुलै १९२६ रोजी बस आली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने सगळा कारभार ताब्यात घेतला. त्या काळात जगातल्या अनेक शहरांत वीज आणि ट्राम एकाच कंपनीकडे असत. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली. वीज आणि वाहतूक यांना जोडणारं तांत्रिक कारण त्या रात्री संपलं. हिशेबाची जोड मात्र तशीच राहिली. (आता विजेवरच्या बसगाड्या आल्यामुळे ते जुनं कारण मागच्या दाराने परत येऊ लागलं आहे, ही त्यातली गंमत.)

एकत्र कारभाराचे फायदे खरे आहेत. गॅसच्या पाइपसाठी खणलेला रस्ता बुजवून डांबर पडतं न पडतं तोच केबलवाल्यांची माणसं पुन्हा कुदळ घेऊन हजर होतात, हे कुठल्याही शहरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोन्ही कामं एका हाताखाली असतील तर खड्डा एकदाच पडेल. मीटर वाचणारा माणूस, बिलाची छपाई, तक्रार कक्ष, रोखपालाची खिडकी, सगळ्याचा खर्च वाटला जाईल. माझा आक्षेप या बचतीला नाही. ती कोणाच्या पदरात पडते, आणि तोटा झाला तर कोणाच्या माथी मारला जातो, एवढंच मला विचारायचं आहे.

२. बेस्टच्या आकाराने नेमकं कोणाचे पैसे कोणाला दिले?

बेस्टची वीज फक्त शहर भागात. बसगाड्या मात्र दहिसर, मुलुंड, मानखुर्दपर्यंत आणि त्याही पलीकडे ठाणे-नवी मुंबईत जातात. म्हणजे लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंखा लावणारं कुटुंब बोरिवलीच्या प्रवाशाच्या तिकिटात भर घालत होतं. त्या बोरिवलीकराचं विजेचं बिल दुसऱ्याच कंपनीकडून येत होतं, म्हणून त्याच्या बिलात बसच्या तुटीचा पैसाही नव्हता. बोरिवलीकराचा यात काही दोष नाही. त्याला हे माहीतही नसावं.

याला एक उत्तर दिलं जातं, आणि ते अगदीच पोकळ नाही. शहर भागात मलबार हिल आहे, कफ परेड आहे, नरिमन पॉइंटच्या वातानुकूलित कचेऱ्या आहेत. युनिटामागे आकार लावला की जो जास्त वीज जाळतो तो जास्त देतो. मग श्रीमंतांच्या एसीतून गरिबांची बस चालली तर बिघडलं कुठे? बिघडलं ते इथे, की असं वाटप करायचं हे कोणी मांडलं नाही, कोणी त्यावर मतं मागवली नाहीत. ते आपोआप झालं. त्याच आकारात गिरगावातली छोटी खानावळ होती, काळबादेवीतला शिलाई यंत्रांचा गाळा होता आणि परळच्या चाळीही होत्या. श्रीमंतांवर कर लावायचा असेल तर तो कर म्हणून लावावा.

गैरसमज नको म्हणून सांगतो: बसला अनुदान मिळालंच पाहिजे. भरलेली एक बस रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या कमी करते. म्हणजे तिचा फायदा जो कधीच बसमध्ये चढत नाही अशा मोटारमालकालाही होतो. तेव्हा पैसा सगळ्या शहराच्या तिजोरीतून यावा. महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी १,००० कोटींची तरतूद झाली. माझ्या मते ती तुटपुंजी आहे. तो अर्थसंकल्प निवडून आलेल्या सभागृहाविना, प्रशासकाच्या हाताने झाला, हे आणखी वाईट. त्याच वर्षी मे महिन्यात साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा झालं आणि शहरभर ओरड झाली. ओरड झाली याचाच अर्थ आकडे लोकांसमोर होते. हजार कोटी कमी की जास्त, भाडं दुप्पट करणं बरोबर की चूक, यावर भांडता आलं. विजेच्या युनिटात विरघळलेल्या तुटीवर असं भांडण कोण करणार?

३. कायद्यात चांगलं कलम आहे आणि त्यातच एक पळवाटही आहे.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ५१ नुसार वीजवितरणाचा परवाना असलेली कंपनी आपल्या मालमत्तेचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून दुसरा व्यवसाय करू शकते. खांबांवरून केबल नेणं, उपकेंद्राच्या जागेचा वापर करणं, असं काहीही. त्यासाठी राज्याच्या वीज आयोगाला आधी कळवावं लागतं. परवानगी मागावी लागत नाही, कळवलं की पुरे. मात्र दोन अटी पक्क्या आहेत. त्या व्यवसायाच्या उत्पन्नातला आयोग ठरवेल तेवढा हिस्सा वहन आकार, म्हणजे तारांवरून वीज वाहून नेण्याचा दर, कमी करण्यासाठी वापरायचा. आणि हिशेब वेगळे ठेवायचे, म्हणजे वीजवितरणाच्या पैशांवर दुसरा धंदा पोसला जाणार नाही आणि वितरणाच्या मालमत्तेवर त्या धंद्यासाठी बोजा चढणार नाही.

तारा आणि खांब ग्राहकांच्या पैशांतून उभे राहिले आहेत, मग त्यांच्यावर मिळवलेल्या जादा पैशात ग्राहकाचा वाटा आहे, हे तत्त्व यात स्पष्ट आहे. एवढं नीट लिहिलेलं कलम आपल्या कायद्यांत सहसा सापडत नाही.

त्याच कलमाच्या शेवटी मात्र लिहिलं आहे की कायदा लागू होण्याआधीपासून वीजवितरण करणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेला यातलं काहीच लागू नाही. या वर्णनात बसणारं सगळ्यात मोठं नाव बेस्टचं, हे वेगळं सांगायला नको. बसच्या तुटीचा वाद याच सवलतीभोवती फिरला. संसदेने विचार काय केला असेल हेही समजतं: पालिका लोकांनी निवडलेली, ती नफा कोणाच्या घरी नेणार नाही, तेव्हा तिला मोकळीक द्या. जर्मनीतल्या कितीतरी शहरांच्या पालिका-कंपन्या वीज आणि गॅसच्या नफ्यातून ट्राम-बसची तूट वर्षानुवर्षं भरत आल्या आहेत. पण पालिकेला तूट भरण्याची मोकळीक देणं एक आणि हिशेब उघड करण्यापासून सूट देणं दुसरं. आपल्या कायद्याने दोन्ही एका वाक्यात देऊन टाकलं.

४. खासगी समूहाला पळवाट लागतच नाही.

कलम ५१ बोलतं ते ‘परवानाधारका’बद्दल. परवाना असतो एका कंपनीच्या नावावर. उद्योगसमूह मात्र प्रत्येक सेवेसाठी निराळी कंपनी काढतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई उपनगरांचा वीजव्यवसाय रिलायन्सकडून अदानी समूहाकडे गेला. हाच समूह वीजनिर्मितीत आणि पारेषणात आहे, २०२१ पासून मुंबईचा विमानतळ चालवतो, देशातल्या इतर शहरांत त्याची कंपनी पाइपमधून घरगुती गॅस देते, आणि महावितरणच्या काही परिमंडळांत स्मार्ट मीटर बसवण्याचं कंत्राटही त्याच्याकडे आहे. भिवंडीत २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी चालवणाऱ्या टोरंट समूहाची एक कंपनी इतरत्र शहरांना गॅस पुरवते. यात बेकायदा काही नाही, आणि यांतल्या कोणी काही लबाडी केली असं मी म्हणत नाही. मला दाखवायचं आहे ते वेगळंच. या कंपन्या कागदावर वेगळ्या असल्याने ‘परवानाधारकाचा दुसरा व्यवसाय’ हा शब्दप्रयोग त्यांना लागूच होत नाही.

कलम १७ चीही तीच गत. एका वीज परवानाधारकाला दुसऱ्याचा वीजव्यवसाय विकत घ्यायचा तर आयोगाची पूर्वमान्यता लागते. त्याच्या मूळ समूहाने विमानतळ घेतला, बंदर घेतलं, गॅसचं जाळं घेतलं, त्यासाठी मोठं कर्ज काढलं, तर वीज आयोगाला कोणी विचारत नाही. विमानतळाचे दर ठरवणारं प्राधिकरण दिल्लीत. गॅसचं मंडळही दिल्लीत, आणि ते घरगुती गॅसची किरकोळ किंमत ठरवत नाही. ती कंपनीच ठरवते. पाण्याचे ठोक दर राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, नळाचे दर पालिका ठरवते. बसचं भाडं ठरवणारे आणखी निराळे. प्रत्येकजण आपापल्या फाइलमध्ये चोख असेलही. समूह मात्र त्यांतल्या एकाही फाइलमध्ये पूर्ण दिसत नाही.

५. पैसा सरकतो तो साध्या वाटांनी.

चोरीछुपे काही करावंच लागत नाही. पहिली वाट सामायिक खर्चाची. मुख्यालयाचं भाडं, संगणक यंत्रणा, वरिष्ठांचे पगार, जाहिरात, समूहाचं नाव वापरण्याचा मोबदला, हे सगळं कोणत्या कंपनीवर किती टाकायचं? स्पर्धेच्या धंद्यात खर्च वाढला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. वीज-पाण्यात तसं होत नाही. खर्च आयोगाने मान्य केला की तो दरात येतो. तेव्हा सामायिक खर्चाचा मोठा वाटा नियंत्रित कंपनीकडे ढकलण्याचा मोह कुठल्याही हिशेबनिसाला होणारच. दुसरी वाट घरातल्या घरात खरेदीची. वितरण कंपनी आपल्याच समूहाकडून वीज, मीटर, ट्रान्सफॉर्मर, सल्ला, देखभाल घेते, भाव कोणता? खुल्या निविदेने आलेला की आपसात ठरलेला? तिसरी वाट कर्जाची. वीजबिलाची वसुली ठरलेली आणि दर महिन्याला येणारी असल्याने सावकाराला ती फार आवडते. तिच्या जोरावर समूहातल्या दुसऱ्या, जोखमीच्या प्रकल्पाला कर्ज मिळवता येतं. त्यासाठी तारा आणि खांब गहाण पडले असतील, तर तो प्रकल्प बुडाला की ते सावकाराच्या हाती जाण्याची वेळ येते. कलम ५१ मध्ये ‘बोजा’ शब्द आहे तो यासाठीच.

६. वेल्समध्ये हा प्रयोग करून झाला आहे.

ब्रिटनने १९८९ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या पाणी कंपन्या आणि पुढच्याच वर्षी प्रादेशिक वीज कंपन्या विकल्या. १९९५ च्या सुमारास वीज कंपन्यांवरचं सरकारी संरक्षण उठलं आणि खरेदीची झुंबड उडाली. वायव्य इंग्लंडच्या पाणी कंपनीने तिथली वीज कंपनी घेतली आणि युनायटेड युटिलिटीज झाली. स्कॉटिश पॉवरने इंग्लंडच्या दक्षिण टोकाची सदर्न वॉटर घेतली. दोन्ही जागांमध्ये शेकडो मैलांचं अंतर, तेव्हा एकच खड्डा खणून दोन कामं होण्याचा प्रश्नच नव्हता. आणि वेल्सच्या पाणी कंपनीने १९९६ मध्ये दक्षिण वेल्सची वीज कंपनी घेऊन हायडर नावाचा समूह उभा केला. बिल एक, ग्राहक तोच, खर्चात बचत, असं सगळं तेव्हा ऐकवलं गेलं.

त्यासाठी कर्ज काढलं होतं. १९९७ मध्ये नव्या मजूर सरकारने खासगी झालेल्या सेवा कंपन्यांवर अचानक मिळालेल्या लाभाचा कर बसवला. १९९९ मध्ये पाणी नियामकाने पुढच्या पाच वर्षांसाठी दर खाली आणले. हायडरला वीजविक्रीचा व्यवसाय विकावा लागला आणि २००० मध्ये समूहच विकला गेला. ज्या कंपनीने तो घेतला तिला हव्या होत्या फक्त विजेच्या तारा. पाणी नकोसं झालं. शेवटी २००१ मध्ये वेल्सचं पाणी ग्लास किमरी या भागधारकच नसलेल्या कंपनीकडे गेलं. तिने रोखे काढून जुनं कर्ज फेडलं, आणि शिल्लक राहील ती ग्राहकांसाठीच वापरायची असा तिचा नियम आहे. आजही वेल्समध्ये तीच पाणी पुरवते.

समूह कोसळत असताना वेल्सच्या घरांत नळ चालू राहिले. या विलीनीकरणांच्या वेळी ब्रिटिश नियामकांनी परवान्यांत अटी घालून ठेवल्या होत्या: पाणी आणि वीज यांचे हिशेब निराळे, समूहातल्या भावंडांशी व्यवहार परक्यासारखा, पालक कंपनीचं ओझं सेवेच्या मालमत्तेवर नाही. आपल्याकडे हे शिकायचं असेल तर समूह धडधाकट असताना शिकायला हवं. दिवाळं वाजल्यावर अटी घालता येत नाहीत.

७. एन्रॉनला महाराष्ट्र दाभोळमुळे ओळखतो. ऑरेगनमधली त्याची गोष्ट कमी माहीत आहे.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली पोर्टलंड जनरल इलेक्ट्रिक ही शहरी वीज कंपनी एन्रॉनने १९९७ मध्ये घेतली. राज्याच्या आयोगाने मान्यता देताना बजावलं की हिशेब वेगळे राहतील आणि वीज कंपनीतलं स्वतःचं भांडवल ठरावीक पातळीखाली नेता येणार नाही, म्हणजे तिला पिळून पैसा वर खेचता येणार नाही. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन बुडाली. पोर्टलंडची कंपनी दिवाळखोरीत गेली नाही आणि वीजपुरवठा चालू राहिला. इकडे दाभोळचा प्रकल्प त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडला होता आणि त्याची घोंगडी वर्षानुवर्षं आपल्या गळ्यात राहिली. दोन्हीकडे मालक एकच.

पण त्या कुंपणातही एक भोक निघालं. विजेच्या दरात कंपनीला भरावा लागणारा प्राप्तिकर धरलेला असतो. पोर्टलंडचे ग्राहक तो भरत होते. कंपनी ती रक्कम पालक समूहाला देत होती आणि समूह एकत्रित विवरणपत्रात इतर तोटे दाखवून सरकारला फारच थोडा कर भरत होता. म्हणजे ग्राहकांनी ‘कर’ म्हणून दिलेला पैसा सरकारपर्यंत पोचलाच नाही. लोकांचा संताप इतका झाला की २००५ मध्ये ऑरेगनने त्यासाठी खास कायदा केला. पुढे तो रद्दही झाला. आपल्याकडेही दर ठरवताना कर धरला जातो. तो प्रत्यक्ष भरला का, हे तपासताना एकट्या कंपनीचं विवरणपत्र बघितलं जातं की समूहाचं, हा प्रश्न विचारून ठेवायला हरकत नाही.

८. दूर कशाला, औरंगाबाद पाहा.

आज छत्रपती संभाजीनगर असलेल्या या शहराची वीजवितरण फ्रँचायझी महावितरणने २०११ मध्ये जीटीएल या कंपनीला दिली. जीटीएलचा मूळ धंदा दूरसंचाराचा; मोबाइल कंपन्यांची जाळी आणि मनोरे. त्याच २०११ मध्ये त्या समूहाच्या मोठ्या कर्जांच्या पुनर्रचनेची वेळ आली. शहरात महावितरणला द्यायची थकबाकी वाढत गेली आणि २०१४ च्या अखेरीस महावितरणने फ्रँचायझी काढून घेतली. मनोऱ्यांच्या कर्जाचा शहराच्या विजेवर किती परिणाम झाला, हे तपासणं कोणाचं काम होतं? दूरसंचार नियामकाचं? त्याचा विजेशी संबंध नाही. वीज आयोगाचं? त्याचा मनोऱ्यांशी संबंध नाही, आणि फ्रँचायझी तर परवानाधारकही नसते. ती महावितरणची कंत्राटी हस्तक. तेव्हा हा प्रश्न नेमका दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत पडला.

९. एकत्र बिलाची सवलत घेण्याआधी.

वीज आणि गॅस एकत्र घ्या, इतके टक्के सूट, अशा योजना उद्या आपल्याकडेही येतील. त्यात आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार कुठे असतो, ते बघून ठेवावं. कलम ५६ प्रमाणे वीज तोडायची तर ती विजेच्या थकबाकीसाठीच आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनच. गॅसच्या बिलावर वाद आहे म्हणून दिवे घालवता येणार नाहीत. पण एकत्र बिलात अर्धी रक्कम भरली तर ती कोणत्या खात्यात जमा होते, हे कोण ठरवणार? कंपनी. ते नियमात लिहिलेलं हवं, आणि निवड ग्राहकाची हवी. तक्रारीचंही तसंच. विजेसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. गॅस किंवा नळाच्या तक्रारीला इतकी बांधलेली वाट नाही. एकत्र सेवेत मग कंपनी सांगणार, तुमची तक्रार ‘त्या’ विभागाची आहे.

१०. माहिती हाही पैसाच आहे.

स्मार्ट मीटर घरात माणसं केव्हा असतात, एसी केव्हा लागतो, नवा फ्रीज केव्हा आला, याचा अंदाज देऊ शकतो. ही माहिती समूहातल्या कर्ज देणाऱ्या किंवा उपकरणं विकणाऱ्या कंपनीला सोन्यासारखी. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर भर देतो. पण मीटर बसवताना पुढे केलेल्या कागदावर सही करायला कोण नाही म्हणतं? वीज आयोगाने स्वतःच्या नियमांत एक ओळ घालावी: मीटरची माहिती बिल आणि वीजपुरवठा सोडून कशालाही वापरायची नाही, भावंड कंपनीलाही द्यायची नाही.

११. मग सगळ्या सेवांवर एकच महानियामक नेमावा का?

कानाला बरं वाटतं. ब्रिटनने हेही करून पाहिलं. वीज आणि गॅसचे नियामक एकत्र झाले. पाणी आणि दूरसंचारही त्याच कायद्यात आणायचा बेत होता, तो २००० मध्ये संसदेत विधेयक असतानाच सोडून द्यावा लागला. आपल्याकडे केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी त्याहून किचकट. नवा महाआयोग म्हणजे नवी इमारत, निवृत्त अधिकाऱ्यांच्या नवीन नेमणुका आणि दहा वर्षांची कोर्टबाजी. मला ते नको.

त्यापेक्षा आहे त्याच आयोगाने चार गोष्टी कराव्यात. पहिली, बहुवार्षिक दरयाचिकेसोबत प्रत्येक परवानाधारकाने समूहाचा नकाशा द्यावा: कोणती भावंड कंपनी कोणती लोकसेवा देते, आपसात किती रकमेचे व्यवहार झाले, कोणाच्या कर्जाला कोणाची हमी आहे. दुसरी, सामायिक खर्च वाटण्याचं सूत्र आयोगाने आधी ठरवावं. कंपनीने वाटून आणलेलं नंतर तपासत बसू नये. तिसरी, परवान्यात स्पष्ट अट, की वितरणाची मालमत्ता आणि ग्राहकांच्या अनामत रकमा समूहातल्या दुसऱ्या कोणासाठी तारण राहणार नाहीत. आणि चौथी, जिथे एकाच समूहाकडे एका शहरातल्या दोन सेवा असतील तिथे दोन्ही नियामकांनी एका मंचावर एक जाहीर सुनावणी घ्यावी. गॅस मंडळाचा अधिकारी दिल्लीहून एक दिवस मुंबईला येऊ शकतो. महापालिकांच्या उपक्रमांनाही यातली पहिली दोन कामं लागू करावीत. तूट भरायची असेल तर भरा, पण किती आणि कुठून ते बिलावर लिहा.

यातल्या बहुतेक गोष्टींना संसदेत जावं लागत नाही. फक्त कलम ५१ मधली पालिकांची सूट बदलायला कायदा दुरुस्त करावा लागेल. बाकीचं आयोगाच्या विनियमांत आणि परवान्याच्या अटींत बसण्यासारखं आहे. कंपन्या म्हणतील, ही व्यापारी गुपितं आहेत. ज्या धंद्यात नफ्याचा दर आयोग ठरवून देतो आणि गिऱ्हाईकाला पळून जाता येत नाही, त्यात गुपित कसलं?

१२. आपण काय करायचं?

दर वाढवण्याची याचिका आली की कंपनीला ती वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी लागते आणि कलम ६४ नुसार आयोगाने लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच निर्णय द्यायचा असतो. महाराष्ट्रात पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्था हे काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यांच्या आकडेवारीच्या हरकतींना आपली साधी जोड द्यावी. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत दहा मिनिटं काढा, सचिवाच्या लेटरहेडवर तीन प्रश्न लिहा: या कंपनीने आपल्याच समूहाकडून किती रुपयांची खरेदी केली? मुख्यालयाच्या खर्चातला किती वाटा आमच्या बिलात आहे? आमच्या तारा-खांब आणि अनामत कोणाच्या कर्जाला तारण आहेत का? उत्तर लेखी मागा, आणि सुनावणीच्या दिवशी एकाला पाठवा. हरकत मराठीत चालते आणि त्यासाठी वकील लागत नाही.